तिसऱ्या, कोळंबी, चिंबोऱ्या उकडून उरल्या तर दुसऱ्या दिवशी काय करायचं

माझं माहेर कोकणकिनाऱ्यावरच्या हर्णैचं. १९८७ साली लग्न होऊन नाशिकरोडला आले, आमचे हे तेव्हा प्रेसमध्ये नोकरीला होते. हर्णैला तिसऱ्या, म्हणजे खाण्याचे शिंपले, कधी उरल्याचं मला आठवत नाही. ओहोटीला आणायच्या, दुपारच्या जेवणाला करायच्या आणि संध्याकाळी परसात नुसत्या शिंपांचा ढीग. उरण्याचा प्रश्न माझ्यापुढे पहिल्यांदा आला तो नाशकात. तेव्हापासून तो महिन्या-दोन महिन्यांनी येतोच आहे, कारण इथे त्या मुद्दाम उरवाव्या लागतात.

कसं ते सांगते. माझा भाचा मुंबईला असतो. जमेल त्या शनिवारी तो पंचवटी एक्स्प्रेसने येतो आणि थर्माकोलच्या पेटीतून आत्यासाठी काहीतरी घेऊन येतो. गाडी नाशिकरोडला लागते रात्री साडेनऊच्या पुढे. पेटीतल्या तिसऱ्या तेव्हा जिवंत असतात, पण सकाळपासून पाण्याबाहेर असतात. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबलं तर त्यातल्या कितीतरी तोंड उघडून मरून पडलेल्या असतात, आणि मेलेली तिसरी रांधायची नसते. म्हणून तीन किलो असोत की पाच, मी त्या रात्रीच सगळ्या उकडते. खाणारी आम्ही घरात चार माणसं. भद्रकालीच्या बाजारातून आणलेल्या कोळंबीचंही तेच. ती बर्फातून आलेली असते, एकदा बर्फ सुटला की कच्ची पुन्हा गोठवण्यात अर्थ नाही. कच्चं टिकत नाही, उकडलेलं दोन-तीन दिवस टिकतं. म्हणून उरलेलं म्हणजे शिळं असं मी मानत नाही. ते दुसऱ्या जेवणासाठी राखलेलं असतं, आणि ती तयारी उकडण्यापासूनच सुरू होते.

उकडतानाच उद्याचं बघायचं

भाच्याला मी पहिल्यापासून बजावलं आहे की तिसऱ्या प्लास्टिकच्या बंद पिशवीत आणायच्या नाहीत आणि बर्फाच्या पाण्यात बुडू द्यायच्या नाहीत. त्या समुद्राच्या, खाडीच्या खाऱ्या पाण्यातल्या. गोड्या पाण्यात मरतात. खाली बर्फ, वर फळी किंवा जाळी, त्यावर ओल्या गोणपाटात तिसऱ्या, असं आणायचं. घरी आल्यावर एकेक हातात घ्यायची. तोंड उघडं दिसलं तर ओट्यावर टकटक आपटायची. जिवंत असेल तर मिटून घेते. मिटली नाही तर ती बाजूला टाकायची, हळहळत बसायचं नाही. मग मिठाच्या गार पाण्यात तासभर ठेवल्या की रेती बऱ्यापैकी सोडतात.

उकडायला पाणी फार घालायचं नाही. किलोभर तिसऱ्यांना अर्धी वाटी पुरे, बाकीचं पाणी त्या स्वतःच सोडतात. जाड बुडाच्या टोपात झाकण घालून मोठ्या आचेवर ठेवायच्या. वाफ आली की पाच-सहा मिनिटांत तोंडं उघडतात. उघडलेल्या झाऱ्याने काढत जायचं, राहिलेल्यांना आणखी दोन मिनिटं द्यायची. तरीही मिटूनच राहिल्या त्या फेकायच्या, सुरी घालून उघडायच्या नाहीत.

उद्यासाठी ठेवायचं आहे म्हणून आज जास्त शिजवून ठेवू, असं पुष्कळ जणींना वाटतं. उलट आहे. आज नेमकं शिजवलं तरच उद्या परत गरम करायला त्यात काही उरतं. कोळंबी उकळत्या पाण्यात टाकली की आकारानुसार दोन ते चार मिनिटं. रंग केशरी-पांढरा झाला, पाठीचा बाक अर्ध्या चंद्रासारखा झाला की उतरवायची. पूर्ण गोल वळून शेपूट डोक्याला टेकलं म्हणजे जास्त झाली. ती आजच खाऊन टाकावी, उद्यापर्यंत तिचं रबर होतं. चिंबोऱ्या, म्हणजे समुद्राचे खेकडे, मध्यम आकाराच्या असतील तर बारा ते पंधरा मिनिटं.

पहिले दोन तास

हा भाग मी सगळ्यात कळकळीने लिहिते आहे, कारण यात मी स्वतः चुकले आहे.

२००९ चा मे महिना होता. घरी पाहुणे होते, रात्री कोळंबी उकडून त्यातली निम्मी खाल्ली, निम्मी स्टीलच्या खोल डब्यात भरून झाकण लावून ओट्यावर ठेवली. थोडी निवली की फ्रीजमध्ये टाकू म्हटलं आणि गप्पांत विसरले. सकाळी आठवण झाली. वास घेतला, काही वाटलं नाही. म्हटलं, चांगली खळखळून उकळू, आमसुलं जरा जास्त घालू. दुपारी कालवण केलं. संध्याकाळी पाचपर्यंत घरातल्या तिघांना उलट्या, आणि सात वर्षांच्या माझ्या धाकट्याला सलाईन लावावं लागलं. डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं ते तेव्हापासून डोक्यात पक्कं आहे: काही जंतू अन्नात वाढताना विष सोडतात, आणि जंतू उकळून मेले तरी ते विष उकळून जात नाही. आंबटानेही जात नाही, मसाल्यानेही नाही. आणि वासावरून ओळखू येईलच असंही नाही.

तेव्हा नियम असा. उकडून उतरवल्यापासून दोन तासांच्या आत सगळं फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. एप्रिल-मेमध्ये नाशकात पारा पस्तीसच्या वर असतो तेव्हा एका तासात. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू भराभर वाढतात, म्हणून त्या पट्ट्यातून पदार्थ पटकन पार करायचा. खोल डब्यात भरून झाकलं तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. मी मोठ्या परातीत एकच थर पसरते आणि परात पंख्याखाली ठेवते. घाई असेल तर दुसऱ्या परातीत गार पाणी, बर्फाचे तुकडे आणि त्यात ही परात. वीस मिनिटांत काम होतं. थोडं कोमट असताना फ्रीजमध्ये ठेवलं तर फ्रीज बिघडेल ही भीती जुनी आहे. पसरट डब्यात ठेवलेल्या थोड्या कोमट पदार्थाने काही होत नाही.

डिसेंबर-जानेवारीत एक वेगळीच चूक होते. निफाडचा पारा घसरला की आमच्या शेजारच्या वैनी म्हणतात, ‘बाहेरच राहू द्या हो, गारठा काय कमी आहे?’ गारठा अंगणात असतो. संध्याकाळभर शेगडी चालू असलेल्या स्वयंपाकघरात रात्री दहाला अठरा-वीस अंश तरी असतात. फ्रीज म्हणजे चार अंश किंवा त्याहून कमी. मी फ्रीजमध्ये एक छोटा थर्मामीटर ठेवला आहे, आणि त्यावरूनच मला कळलं की दाराच्या कप्प्यांत सगळ्यात जास्त ऊब असते. उकडलेलं नेहमी आतल्या बाजूला, मागच्या भिंतीशी ठेवावं.

कुठे, कशात, किती दिवस

काचेचा किंवा स्टीलचा, घट्ट झाकणाचा पसरट डबा. ॲल्युमिनियममध्ये नको, पुढे आमसूल लागलं की चव बिघडते. आमच्या इमारतीत निम्मी घरं शाकाहारी, आणि त्यांच्या दुधाच्या पिशव्या गावाला जाताना माझ्याच फ्रीजमध्ये येतात. झाकण घट्ट असलं की मला त्यांच्यापुढे संकोच वाटत नाही.

तिसऱ्यांचं मांस शिंपेतून काढून त्यांच्याच गाळलेल्या पाण्यात बुडवून ठेवायचं. कोरडं ठेवलं की वर काळपट, चिवट साल धरते. कोळंबी मात्र सालासकट ठेवावी, साल तिचा ओलावा राखते. लागेल तेव्हाच सोलायची. चिंबोरी रात्रीच फोडून ठेवावी. वरचं कवच उघडून पिसांसारखे कल्ले काढून टाकायचे, आणि कवचाखालचा पिवळा-केशरी ऐवज त्याच रात्री खाऊन घ्यायचा. तो भाग सगळ्यात आधी उतरतो, आणि मांसाला लागून राहिला तर मांसही पिठूळ करतो.

फ्रीजमध्ये तीन दिवस. पुस्तकातून तीन-चार सांगतात, मी तीन धरते. डब्यावर कागदी चिकटपट्टी लावून वार लिहायचा. शनिवारी रात्रीचं मंगळवारी दुपारपर्यंत संपवते, मंगळवारी रात्री उरलं तर टाकते. चिकट तार सुटली, डोळ्यांत चरचरेल असा उग्र वास आला तर वार बघायचीही गरज नाही.

तीन दिवसांत संपणार नसेल तर पहिल्याच रात्री फ्रीझरमध्ये टाकावं, तिसऱ्या दिवशी नव्हे. पुष्कळ जण दोन दिवस वाट बघतात आणि मग गोठवतात. गोठवल्याने झालेली नासाडी मागे फिरत नाही, आहे तिथे फक्त थांबते. तिसऱ्या त्यांच्या पाण्यासकट छोट्या डब्यांत, एका वेळेला लागतील इतक्याच गोठवाव्यात. कोळंबीही तिच्या उकडलेल्या पाण्यात बुडवूनच, नाहीतर बर्फाने कोरडी पडते. दोन-अडीच महिने चव बरी राहते. चिंबोरीचं सुटं मांस गोठवलं की दोऱ्यासारखं होतं, ते मी गोठवत नाही. काढताना आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरवायचं, ओट्यावर नाही. एकदा सुटलेलं परत गोठवायचं नाही.

आमच्याकडे श्रावण पाळतात. आषाढी अमावस्येच्या आदल्या आठवड्यात आलेलं काही उरलंच तर याच पद्धतीने महिनाभर झाकलेलं राहतं. तसंही जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा खाडीतल्या तिसऱ्यांवरच आमची भिस्त.

वीज गेली तर दार उघडायचं नाही. बंद फ्रीज चारेक तास गार राहतो, त्यापुढे गेलं तर उकडलेल्या सीफूडची खात्री धरू नये.

मसाला आधी, तिसऱ्या शेवटी

उकडलेलं म्हणजे शिजून झालेलं. ते पुन्हा शिजवायचं नाही, नुसतं वाफाळेपर्यंत गरम करायचं. तिसरी, कोळंबी यांचं मांस थोड्याच उष्णतेत आवळतं. पुढे जितकी आच द्याल तितकं पाणी पिळून निघतं आणि उरतो तो वातड गोळा. पण नुसतं कोमट करून खाणंही बरोबर नाही, आतपर्यंत कडकडीत तापलं पाहिजे, थर्मामीटर असेल तर ७४ अंश. या दोन्हींचा मेळ कसा घालायचा? मसाला, कांदा, टोमॅटो, खोबरं, जे काही असेल ते पूर्ण शिजवून उकळतं तयार ठेवायचं. उकडलेलं त्यात शेवटी घालायचं. मोठे तुकडे असतील तर कापून लहान करायचे म्हणजे आतपर्यंत लवकर तापतात. झाकण घालून दोन मिनिटं, फार तर तीन. भरपूर वाफ आली, उलथन्याने उचललेला तुकडा बोटाला चटका देतो आहे असं दिसलं की गॅस बंद. आणि जेवढं खायचं तेवढंच गरम करायचं. परत परत तापवून परत परत फ्रीजमध्ये, असं करू नये.

तिसऱ्या, आणि त्यांचं पाणी

किलोभर तिसऱ्यांतून जेमतेम वाटी-सव्वा वाटी मांस निघतं. पाणी मात्र दोन वाट्या निघतं, आणि खरं सांगायचं तर त्यातला अर्धा समुद्र त्या पाण्यात असतो. नाशकातल्या माझ्या ओळखीच्या दोन-तीन घरांत मी ते मोरीत ओतताना पाहिलं आहे आणि मला अगदी पोटात तुटल्यासारखं झालं. ते पाणी पंधरा मिनिटं स्थिर ठेवायचं, रेती तळाला बसते. मग वरचं पाणी हळूच दुसऱ्या भांड्यात, दुपदरी सुती पंच्यातून गाळायचं. तळचा शेवटचा अर्धा पेला सोडून द्यायचा, त्याचा लोभ धरला की भाजीभर कचकच लागते.

हे पाणी खारट असतं, म्हणून त्यात केलेल्या कुठल्याही पदार्थात मीठ शेवटी, चाखून. पुष्कळदा लागतच नाही.

सुक्याची कृती. वाटीभर मांसाला दोन मोठे कांदे बारीक चिरून, दोन पळ्या तेलात सहा-सात ठेचलेल्या लसूण पाकळ्यांवर गुलाबी होईपर्यंत परतायचे. हळद, दीड चमचा घरचं तिखट, तीन आमसुलं, पाव वाटी गाळलेलं पाणी. झाकण घालून कांदा पूर्ण मऊ करायचा आणि पाणी आटू द्यायचं. मग अर्धी वाटी ओलं खोबरं, एक हलकी वाफ. शेवटी निथळलेल्या तिसऱ्या आणि कोथिंबीर, दोन मिनिटं. हर्णैला याबरोबर तांदळाची भाकरी खायचे, इथे थंडीत मी बाजरीची करते आणि माझ्या मते बाजरीचीच जास्त चांगली लागते. तिचा किंचित कडवटपणा तिसरीच्या गोडीला बाहेर काढतो.

उरलेल्या पाण्याचा भात करावा. वाटीभर आंबेमोहोर किंवा इगतपुरीकडचा इंद्रायणी धुऊन, तुपावर दोन लवंगा, एक चिरलेला कांदा, तांदूळ परतून, तिसऱ्यांचं पाणी आणि साधं पाणी निम्मं-निम्मं. भात शिजला की वरून चार तिसऱ्या ठेवायच्या आणि झाकण. त्याला दुसरं काही लागत नाही. पाणी जास्त असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचं. महिन्याभराने बांगड्याचं कालवण करताना दोन वड्या टाकल्या की नाशकाचं कालवण हर्णैच्या जवळ जातं.

काळ्या मसाल्याबद्दल एक मत मांडते. माझं सासर सिन्नरचं. सासूबाईंचा काळा मसाला मी आजही त्यांच्याच प्रमाणाने करते, पण तिसऱ्यांना तो घालत नाही. भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याच्या दणक्यात तिसरी कुठल्या कुठे जाते. तो चिंबोरीला घालावा, ती त्याला पुरून उरते.

कोळंबी

ऑगस्टपासून पुढे पिंपळगाव बसवंतला टोमॅटोचा हंगाम जोरात असतो, तेव्हा उकडलेल्या कोळंबीला टोमॅटोच. चार हिरव्या मिरच्या, दहा लसूण पाकळ्या आणि जिरं खलबत्त्यात ठेचायचं, तेलावर टाकायचं, चार पिकलेले टोमॅटो चिरून तेल सुटेपर्यंत घोटायचे. सोललेली कोळंबी लांबीत दोन भाग करून घालायची, पाठीतला काळा दोरा राहिला असेल तर आत्ता काढायचा. दोन मिनिटं झाकून ठेवलं की झालं.

हिवाळ्यात मेथी. मेथीची भाजी नेहमीसारखी लसूण-मिरचीवर कोरडी परतून घ्यायची आणि उतरवायच्या आधी दोन मिनिटं कोळंबी. बारीक करंदी असेल तर ही भाजी फारच जमते.

भजीही करता येतात, आणि उकडलेल्या कोळंबीला ती मानवतात, कारण तळायला दोन-तीन मिनिटंच लागतात आणि बेसनाचा थर तिला कोरडी पडू देत नाही. आधी कोळंबी कपड्याने टिपून घ्यायची, ओली असली की बेसन निसटतं आणि तेल उडतं.

लोणचं मात्र उकडलेल्या कोळंबीचं करू नका. लोणच्यासाठी कच्ची कोळंबी तेलात तळून तिच्यातलं पाणी पूर्ण घालवतात. उकडलेली आधीच शिजलेली असते, ती तळून वातड होते आणि तरीही टिकत नाही.

चिंबोऱ्या, आणि आपल्याकडचे खेकडे

सासूबाईंना समुद्राची चिंबोरी लग्नाआधी माहीतच नव्हती. त्यांना माहीत होते ते पावसाळ्यातले खेकडे, घोटी-इगतपुरीच्या भातखाचरांतले आणि ओढ्यांतले. अजूनही पावसाळ्यात त्या रस्त्याला बाया खेकडे विकायला बसतात. ते लहान असतात, मांस कमी, पण रस्सा फार चवदार. एक सांगून ठेवते की गोड्या पाण्यातला खेकडा अर्धाकच्चा कधीही खायचा नाही. त्यात परजीवी असू शकतात, ते फुप्फुसापर्यंत पोचतात. पहिल्या दिवशीच पूर्ण उकडायचा, खळखळून.

सासूबाई कच्चे पाय पाट्यावर वाटून, कपड्यातून पिळून तो रस रश्शात घालायच्या. उकळी आली की रस्सा आपोआप दाट व्हायचा. मी एकदा उरलेल्या उकडलेल्या पायांचं तेच करून पाहिलं आणि रस्सा पाण्यासारखा पातळ राहिला. मग लक्षात आलं, कच्च्या रसातलं प्रथिन उष्णतेने गोठतं आणि दाटपणा देतं. उकडलेल्यात ते आधीच गोठून बसलेलं असतं. तेव्हा उकडलेल्या पायांकडून दाटपणा मागायचा नाही, फक्त चव घ्यायची.

ती अशी घ्यायची. मांस काढून झालेली कवचं आणि बारीक पाय वरवंट्याने ओबडधोबड चेचायचे, चमचाभर तेलात मध्यम आचेवर पाच मिनिटं परतायचे. तेल केशरी होतं. कवचातला तो लाल रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही, आणि त्याच्याबरोबर वासही तेलातच उतरतो. म्हणून परतणं चुकवू नका. मग लिटरभर पाणी, एक कांदा, दोन मिरी, वीस-पंचवीस मिनिटं मंद उकळी. तासभर उकळत ठेवलं तर खडूसारखी चव येते. कपड्यातून गाळायचं, कारण कवचाची बारीक चकती घशात अडकू शकते. या पाण्यात सासूबाईंचा काळा मसाला आणि भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण घालून उकळी आणायची. दाटपणासाठी चमचाभर भाजलेल्या डाळ्यांचं पीठ. पेंदे, म्हणजे धडाचे तुकडे, आणि नांग्या शेवटी तीन मिनिटं. हा रस्सा आमच्याकडे रविवारी रात्री होतो, आणि शनिवारच्या ताज्या चिंबोरीपेक्षा घरात त्याचीच वाट जास्त पाहतात.

सुटं मांस थोडंच असेल तर अंडा भुर्जीत. तीन अंड्यांना अर्धी वाटी मांस. कांदा-मिरची परतून अंडी घालायची, ती अर्धवट जमत आली की मांस, आणि अंडी पूर्ण जमेपर्यंत हलवायचं. घालण्याआधी मांस ताटलीत पसरून बोटांनी चाचपायचं, एक जरी कवचाचा कण राहिला तर लहान मुलं पुन्हा हात लावत नाहीत.

दुसऱ्या दिवशीचं वाढताना

भुर्जी, भजी, भात यांत कोळंबी-चिंबोरी दिसत नाही. म्हणून पाहुण्यांना वाढण्याआधी सांगावं. ज्यांना कवचाच्या माशांची ॲलर्जी असते त्यांना ती शिजवलेल्यानेही होते, आणि एखाद्याला श्वास घेणं कठीण होऊ शकतं. त्याच तेलात नंतर बटाट्याची भजीही तळायची नाहीत. माझ्या धाकट्या जावेला ही ॲलर्जी आहे. ती आली की तिची कढई, तिचा झारा वेगळा.

शिंपा आणि सालं

कोळंबीची सालं आणि डोकी चिंबोरीच्या कवचांसारखीच परतून, उकळून पाणी काढता येतं, फक्त त्यांना पंधरा मिनिटं पुरे. त्यानंतर उरतो तो चोथा टाकायचाच.

शिंपांचं चूर्ण करून बागेत टाकतात असं ऐकून मी पूर्वी गुलाबांना घातलं होतं, आणि पानं पिवळी पडली. शिंप म्हणजे जवळपास सगळा चुनाच. आपली नाशकातली काळी माती आधीच चुनखडीची. चुना वाढला की झाडाला मातीतलं लोह घेता येत नाही, पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा होतो. द्राक्षबागाईतदारांना हे दुखणं चांगलं ठाऊक आहे. त्यामुळे शिंपा मातीत मिसळायच्या नाहीत. मी चांगल्या धुऊन, उन्हात वाळवून कुंडीच्या तळच्या भोकावर पालथ्या ठेवते. पाणी निघून जातं, माती जात नाही.

बाकीचं घंटागाडीला. गाडी आमच्या गल्लीत सकाळी पावणेआठला येते आणि शनिवारी रात्री अकराला फोडलेली कवचं मेमध्ये तोपर्यंत सगळा जिना घाणवतात. म्हणून सालं, कवचं, कल्ले वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत बांधून फ्रीझरच्या दारातल्या कप्प्यात ठेवते. पिशवीवरही तशीच चिकटपट्टी, त्यावर मोठ्या अक्षरांत ‘कचरा’. सकाळी घंटा ऐकू आली की ती दगडासारखी गोठलेली पिशवी घेऊन खाली उतरायचं.